एसएसबीतून हात हलवत परतल्यावर

सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षा दिली, सेवा निवड मंडळापर्यंत (एसएसबी) पोहोचलो, पण निवड झाली नाही. आता पुढे काय? नागपूर आणि आसपासच्या तरुणांची आणि त्यांच्या पालकांची या विषयावरची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आम्ही दिलेली नाहीत. प्रश्न थोडक्यात दिले असून उत्तरांना मात्र लागेल तेवढी जागा दिली आहे.

प्रश्न : मी सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा) दोनदा पास झालो. पहिल्यांदा भोपाळला गेलो, दुसऱ्यांदा प्रयागराजला. दोन्ही वेळा स्क्रीनिंग (पहिल्या दिवसाची चाळणी) पार केलं, पाचही दिवस राहिलो आणि शेवटी निवडलेल्यांत माझा चेस्ट नंबर (उमेदवार क्रमांक) पुकारला गेला नाही. आधीच्या दोन नापसंतींची नोंद तिसऱ्या वेळी आडवी येते का? माझं नेमकं काय चुकतंय हे कुणीच सांगत नाही. पुन्हा जावं का? (त्रिमूर्तीनगर)

आधी नियमाचं बोलू. एसएसबीला किती वेळा जायचं याला मर्यादा नाही. वय आणि त्या प्रवेशमार्गाची पात्रता असेपर्यंत दार उघडं असतं. मागचा निकाल नव्या मूल्यमापनात वजा धरला जात नाही. मात्र तो लपूनही राहत नाही. पहिल्या दिवशी भरायच्या पीआयक्यू या वैयक्तिक माहितीच्या अर्जात आधीच्या प्रत्येक प्रयत्नाचा रकाना असतो: प्रवेशाचा प्रकार, मंडळ, तारीख, बॅच आणि चेस्ट नंबर. मुलाखत घेणारे अधिकारी तोच कागद समोर ठेवून विचारतात, ‘मागच्या वेळी का झालं नाही असं वाटतं? त्यानंतर काय केलं?’ तुमचा तिसरा प्रयत्न या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे.

काय चुकलं ते मंडळ सांगत नाही, म्हणून ते स्वतःच शोधावं लागतं आणि त्यासाठी आठवण ताजी असावी लागते. भोपाळहून नागपूर गाडीने सहा-सात तासांचं. परतीच्या प्रवासातच वही उघडायला हवी. पीपीडीटीची (स्क्रीनिंगमध्ये एका चित्रावर लिहून गटात चर्चायची) गोष्ट, टीएटी या चित्रकथा परीक्षेच्या अकरा चित्रांवर लिहिलेली कथानकं आणि बाराव्या कोऱ्या चित्राची गोष्ट, आठवतील तितके एसआरटीचे (अमुक प्रसंगी काय कराल, या परीक्षेचे) प्रसंग, मुलाखतीतले प्रश्न त्याच क्रमाने, मैदानावर प्रत्येक टास्कमध्ये आपण कुठे उभे होतो आणि आपली कोणती सूचना गटाने उचलली, हे सगळं लिहा. दोन्ही वेळचं आज आठवेल तेवढं तरी लिहून काढा. आठवड्यानंतर मन आपल्याला सोयीचं तेवढंच आठवतं.

मग ती वही मनसा, वाचा, कर्मणा या तीन खणांत वाचा. मंडळाची रचनाच तशी आहे. मानसशास्त्रज्ञ तुमचं लिखाण पाहतात, मुलाखत अधिकारी बोलणं ऐकतात, जीटीओ (गट चाचणी अधिकारी) मैदानावरची कृती पाहतात. तिघे स्वतंत्रपणे काम करतात आणि कॉन्फरन्सच्या दिवशी एकत्र बसतात. तिघांसमोर एकच माणूस उभा राहिला पाहिजे. कॉन्फरन्स आउट झालेल्या, म्हणजे त्या शेवटच्या दिवशी वगळलेल्या, पुष्कळ मुलांच्या वह्यांत इथेच फट सापडते. आत्मवर्णनात लिहिलेलं असतं, ‘मित्र मला पुढाकार घेणारा म्हणतात.’ मुलाखतीत अशा पुढाकाराचा एक प्रसंग विचारला की दहावीच्या स्नेहसंमेलनाची आठवण निघते. आणि गटाने मिळून अडथळे ओलांडायच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कच्या पहिल्या पाच मिनिटांत तोच मुलगा मागे बल्ली धरून उभा असतो. तीन ठिकाणी तीन माणसं दिसली. यातला कोणता खरा, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या तयारीची सुरुवात त्याच्यापासून करा.

खणानुसार काही खुणा सांगतो. टीएटीत दर चित्राला पाहायला तीस सेकंद आणि लिहायला चार मिनिटं मिळतात. तुमच्या अकराही गोष्टींत नायक लष्करी अधिकारी, डॉक्टर किंवा जिल्हाधिकारी असेल, आणि अडचण दोन ओळींत मिटत असेल, तर तो क्लासमधला साचा आहे. चित्रात दिसत असलेल्या म्हाताऱ्या बाईकडे, मोडक्या सायकलीकडे तुमचं लक्षच गेलं नाही, एवढंच त्यातून कळतं. शब्द दिल्यावर पंधरा सेकंदांत वाक्य लिहायच्या साठ शब्दांच्या परीक्षेत सुविचारांची रांग लागली असेल, तर तीही तशीच. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ या वाक्यातून तुम्ही कोण आहात हे कुणालाच समजत नाही. एसआरटीत अर्ध्या तासात साठ प्रसंग असतात. सगळे सोडवायच्या नादात शेवटची वीस उत्तरं ‘तो मदत करतो’ एवढ्यावर आली असतील, तर पंचेचाळीस पण पूर्ण उत्तरं बरी. पूर्ण म्हणजे काय करणार, कुणाला सांगणार, आणि आपलं मूळ काम कसं पार पाडणार, हे सात-आठ शब्दांत.

मुलाखतीत बहुतेकांची गाडी घसरते ती प्रश्नांच्या लांब माळेवर. नववीपासूनचे गुण, आवडते आणि नावडते शिक्षक, मित्र, सुट्टीचा दिवस, असे दहा-बारा प्रश्न एका दमात विचारून अधिकारी थांबतात. क्रम चुकला किंवा एखादा सुटला तर बिघडत नाही. पण गुण का घसरले याचं उत्तर ‘शिक्षक नीट शिकवत नव्हते’ असं येऊ लागलं की प्रत्येक अपयशाला कुणीतरी दुसरा जबाबदार आहे, हे चित्र उभं राहतं. दुसरी घसरण आपल्याच गावावर होते. नागपूरचा मुलगा म्हटल्यावर संत्र्याचा भाव का पडतो, जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ किती (बारा), कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेचं काय होतं, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथे आहे ते नेमकं काय काम करतं, कामठीला कोणत्या रेजिमेंटचं केंद्र आहे (ब्रिगेड ऑफ द गार्ड्स), हे प्रश्न येणारच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदी आणि अंबाझरीचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा तुम्ही कुठे होता आणि काय केलं, असाही प्रश्न येऊ शकतो. त्याला पाठ केलेलं उत्तर नसतं.

म्हणून ‘पुन्हा जावं का’ याचं उत्तर असं: मागच्या वेळेपासून तुमच्या आयुष्यात काही खरोखर बदललं असेल तर जरूर जा. आणखी दोनशे चित्रांवर गोष्टी लिहिणं हा बदल नव्हे. सहा महिने हाताशी घ्या आणि दुसऱ्यांचं काम अडेल अशी एक जबाबदारी अंगावर घ्या. वस्तीतल्या गणेश मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, शाळेच्या फुटबॉल संघाचं सहायक प्रशिक्षण, नोकरीतली एखादी शिफ्ट, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं रखडलेलं काम. त्यात भांडणं होतील, पैसे कमी पडतील, लोक शब्द देऊन येणार नाहीत. त्या वेळी तुम्ही काय केलंत, हे मग लिखाणात, बोलण्यात आणि मैदानावर आपोआप एकसारखं उतरतं. पीआयक्यूत जबाबदारी, खेळ आणि छंदांचे रकाने असतात. त्यात लिहिलेली प्रत्येक गोष्ट सलग पाच उपप्रश्नांना टिकली पाहिजे. ‘वाचन’ लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक, त्यातलं न पटलेलं मत, ते का पटलं नाही आणि त्याआधीचं पुस्तक कोणतं, एवढं तरी.

महिनाभरात दुसऱ्या प्रवेशमार्गाचं बोलावणं आलं आणि वयाची ती शेवटची संधी असेल तर जा. वय हाताशी असेल, तर दर महिन्याला नव्या मंडळाकडे धावण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही. माणूस तोच गेला तर निकालही बहुधा तोच येतो.

प्रश्न : दोन्ही वेळा पहिल्याच दिवशी स्क्रीन्ड आउट. दुपारी पुन्हा स्टेशनवर. ओआयआरची (बुद्धिमापन चाचणीची) उत्तरं तर बरोबर होती. मग पीपीडीटीतच काहीतरी होतंय का? (प्रतापनगर)

स्क्रीनिंगचा निकाल ओआयआरच्या दोन पेपरांचा आणि पीपीडीटीचा मिळून लागतो. ‘उत्तरं बरोबर होती’ हा अंदाज अनेकदा फसतो, कारण तिथे मुख्य प्रश्न वेगाचा असतो. घरी घड्याळ लावून सोडवा. वेळ संपताना किती प्रश्न कोरे राहतात, ते मोजा. दोन आठवडे रोज एक संच सोडवला की हा आकडा हलतो. शब्दांवरचे प्रश्न मराठी माध्यमाच्या मुलांना जड जातात, तर आकृत्यांवर त्यांनी गुण सहज मिळवावेत.

पीपीडीटीत तीन ठिकाणी वेळ वाया जातो. चित्र तीस सेकंद दिसतं, मग एका मिनिटात पात्रांची संख्या, वय, लिंग आणि मनःस्थिती चौकटीत भरायची आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. पहिली चूक म्हणजे धूसर चित्रात पाच माणसं दिसत असताना तीनच लिहिणं, कारण मनातली गोष्ट तीन माणसांची असते. दुसरी म्हणजे मराठीत विचार करून मनातल्या मनात इंग्रजी करणं. त्यात चार मिनिटांतली दोन जातात आणि गोष्टीचा शेवट राहून जातो. यावर उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: रोज वीस मिनिटं इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं आणि त्यातली एक बातमी कागद न बघता एका मिनिटात कुणाला तरी सांगायची. व्याकरणाच्या लहान चुकांनी कुणी बाहेर जात नाही. विचार अडकला तर मात्र जातात.

तिसरी आणि सर्वात महाग चूक गटचर्चेत होते. प्रत्येकाने आपली गोष्ट सांगितल्यावर गटाने एक गोष्ट ठरवायची असते आणि तिथे मासळीबाजार भरतो. दोन मुलं ओरडतात, बाकीची गप्प बसतात किंवा तीही ओरडू लागतात. त्या गोंधळात बोलायचं तर आवाज न चढवता, समोरच्या एकाचं नाव किंवा नंबर घेऊन, त्याच्या गोष्टीतला एक मुद्दा उचलून तो तुमच्या मुद्द्याला जोडा. ‘बारा नंबरने म्हटलं तसं हे गाव पुराचं असेल, तर ही चार माणसं बंधाऱ्यावर काम करताहेत असं धरू.’ असं दोन-तीनदा झालं की गट तुमच्याकडे वळतो. संपूर्ण चर्चेत एकदाही तोंड न उघडणाऱ्याला वाचवायला ओआयआरचे चांगले गुणही पुरत नाहीत.

घरी सराव करताना चार-पाच जण जमवा. ते एसएसबीवालेच हवेत असं नाही. कॉलेजातले वाद घालणारे मित्र अधिक उपयोगी पडतात.

प्रश्न : माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनीअर आहे. जन्म ऑगस्ट २००२ चा. दोनदा एसएसबीहून परत आला. आता ‘वय गेलं’ म्हणतो आणि नोकरीही धड शोधत नाही. खरंच वय गेलं का? आई म्हणून मी काय करावं? (मनीषनगर)

ताई, पूर्ण गेलेलं नाही. पण कोणत्या दारात किती वेळ उरला आहे, हे कागदावर मांडायला हवं. वय परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत. प्रशिक्षण सुरू होण्याच्या सुमारास, १ जानेवारी किंवा १ जुलैला मोजतात, आणि जाहिरातीत ‘या तारखेपूर्वी जन्मलेला नसावा’ अशी अट छापलेली असते. एका दिवसाने आत किंवा बाहेर होता येतं, म्हणून अंदाजाने न बोलता दोघांनी बसून ती ओळ वाचा. अट ‘२ जुलै २००२ पूर्वी जन्मलेला नसावा’ अशी असेल तर तुमचा मुलगा बसतो. पुढच्या सहामाहीत तीच अट २ जानेवारी २००३ ची होते आणि तो बाहेर पडतो.

सीडीएसमधून डेहराडूनच्या आयएमएसाठी (भारतीय सैन्य अकादमी) वयोमर्यादा १९ ते २४, चेन्नईच्या ओटीएसाठी (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) १९ ते २५. म्हणजे त्याच्यासाठी आयएमए संपली, ओटीएची एखादी संधी जाहिरातीनुसार उरली असेल. ओटीएसाठी गणिताचा पेपर नसतो, फक्त इंग्रजी आणि सामान्यज्ञान. पण तो इंजिनीअर आहे, त्यामुळे त्याचं खरं दार दुसरीकडे आहे. सैन्याचा टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स आणि एसएससी टेक (अल्पकालीन सेवेचा तांत्रिक प्रवेश), दोन्हींना वय २० ते २७. इथे लेखी परीक्षाच नाही. पदवीच्या टक्केवारीवर शाखानिहाय कटऑफ लावून थेट एसएसबीला बोलावतात. त्याच्या शाखेला त्या वेळी किती जागा आहेत आणि त्याचे टक्के किती, यावर सगळं ठरतं. वायुसेनेच्या ॲफकॅट या प्रवेश परीक्षेतून ग्राउंड ड्युटीची तांत्रिक शाखाही आहे, तिथे वय २६ पर्यंत. वयाच्या पुढच्या टप्प्यासाठी टेरिटोरियल आर्मी आहे: १८ ते ४२, पण तिथे आधीपासून स्वतःची कमाई असावी लागते आणि ती पूर्णवेळ सैन्यसेवा नव्हे.

नोकरीचं मात्र मनापासून सांगतो. ‘एसएसबी होईपर्यंत नोकरी नाही’ हा हट्ट मुलाचं दुहेरी नुकसान करतो. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत वर्षभर शिफ्ट सांभाळलेला पंचविशीचा मुलगा मुलाखतीत कामगारांशी, मालाशी, चुकांशी कसं वागला ते सांगू शकतो. दोन वर्षं घरी बसून तयारी करणाऱ्याकडे सांगायला फक्त तयारीच असते. त्याला नोकरीकडे वळवा. नोकरी करतानाही एसएसबीला जाता येतं. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातली नोकरी असेल, तर अर्ज करताना कार्यालयाला लेखी कळवावं.

आणि निकाल लागल्यावर नातेवाइकांना उत्तर देण्याचं काम त्याच्यावर टाकू नका. ते तुम्ही करा.

प्रश्न : मी बीएस्सी शेवटच्या वर्षाला आहे. एनसीसी ‘सी’ सर्टिफिकेट बी ग्रेडमध्ये आहे. एनसीसी स्पेशल एंट्रीतून कॉन्फरन्स आउट झाले. आता सीडीएसचा अर्जही करू का, की एकाच वाटेने जावं? आणि ओटीए तर आपल्या कामठीलाच आहे ना? (कामठी रोड)

दोन्ही वाटांनी जा. एनसीसी एंट्रीला लेखी नाही, त्यामुळे तो अर्ज वर्षातून दोनदा करायचाच. पदवीला पन्नास टक्के लागतात, शेवटच्या वर्षाला असताना आधीच्या वर्षांचे गुण धरतात. सीडीएसमधून ओटीएचा महिलांचा अभ्यासक्रम वेगळा अर्ज म्हणून मोजला जातो. त्याचा एक लहानसा फायदा असा की, एखाद्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदा एसएसबीला गेलात तर थर्ड एसीचं जाण्या-येण्याचं भाडं मिळतं, त्याच प्रकारासाठी पुन्हा गेलात तर मिळत नाही. तिकिटं जपून ठेवा.

कामठीची ओटीए एनसीसीची आहे. शाळा-कॉलेजांतले जे प्राध्यापक एनसीसी अधिकारी होतात, त्यांचं प्रशिक्षण तिथे होतं. तुमचं प्रशिक्षण चेन्नईच्या ओटीएत, सुमारे एकोणपन्नास आठवड्यांचं. हा घोटाळा मुलाखतीत झाला तर नागपूरच्या एनसीसी कॅडेटला तो शोभणार नाही.

एनसीसीच्या उमेदवारांकडून मंडळ थोडं अधिक मागतं. कोणत्या शिबिरात गेलात, तिथे तुमच्याकडे काय जबाबदारी होती, तंबू किती, जेवणाची व्यवस्था कशी, तुमच्या बटालियनचं नाव आणि क्रमांक, रायफलचे भाग. दोन वर्षांपूर्वीचं शिबिर ‘छान झालं’ एवढंच आठवत असेल, तर तुमची जुनी डायरी आणि सोबतच्या कॅडेट्सना विचारून ते पुन्हा उभं करा.

प्रश्न : वायुसेनेच्या फ्लाइंगसाठी गेलो होतो, सीपीएसएसमध्ये नापास झालो. पुढच्या वेळी पुन्हा देता येईल का? (वाडी)

नाही. वैमानिक निवडीची ही संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झाल्यावर वायुसेनेची फ्लाइंग शाखा बंद. ग्राउंड ड्युटी, सैन्य आणि नौदलाच्या बाकीच्या वाटा मात्र खुल्या आहेत. ज्यांची ही चाचणी अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी: आदल्या रात्री प्रवासात जागरण करून या चाचणीला बसू नका. हात आणि डोळ्यांचा मेळ थकल्यावर सगळ्यात आधी बिघडतो.

प्रश्न : भोपाळला रेकमेंड झाले, पण मेडिकलमध्ये जास्त वजन आणि नाकाचं हाड वाकडं म्हणून टेम्पररी रिजेक्ट. वेळ कमी आहे. आणि यंदा नाहीच जमलं तर हे रेकमेंडेशन पुढच्या वेळी चालेल का? (हुडकेश्वर)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: चालत नाही. प्रत्येक रेकमेंडेशन त्या एका कोर्सपुरतं असतं. पुढच्या वेळी पुन्हा पाच दिवस. गुणवत्ता यादीत नाव न आलेल्या रेकमेंड उमेदवारांनाही हेच लागू आहे. सीडीएसवाल्यांचे गुण अंतिम निकालानंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर पंधरा दिवसांत येतात आणि तीस दिवस राहतात. ते छापून ठेवा. लेखीचे गुण कमी होते की मंडळाचे, ते त्यातून कळतं आणि पुढचे सहा महिने कशावर घालवायचे ते ठरतं.

मेडिकलचं असं. स्पेशल मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवल्यावर अपील बोर्डापुढे जाण्यासाठी जास्तीत जास्त ४२ दिवस मिळतात. कोणत्या लष्करी रुग्णालयात जायचं ते तुमच्या हातात दिलेल्या कागदावर आहे. नाकाच्या हाडासाठी पहिल्याच आठवड्यात नाक-कान-घसा तज्ज्ञाला दाखवा. शस्त्रक्रिया सुचवली, तर ती दुसऱ्या आठवड्यापर्यंत झाली पाहिजे, म्हणजे जखम भरायला महिना उरतो. ३५ व्या दिवशी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर नाक सुजलेलं घेऊन अपिलाला गेलात, तर सगळं पाण्यात. वजनासाठी उपाशी राहून पाणी कमी पिण्याचा मार्ग घेऊ नका. रक्तदाब आणि लघवीच्या तपासणीत तो दिसतो. शस्त्रक्रियेनंतर धावणं बंद राहील, म्हणून आहारावर भर द्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याच्या दिवसापासून चालायला लागा.

इतरांनी एसएसबीच्या आधीच नागपुरात तपासून घ्यावं: कानातला मळ, टॉन्सिल, दात (त्यांचे मिळून निदान चौदा गुण, म्हणजे डेंटल पॉइंट, लागतात), मूळव्याध, हायड्रोसील आणि व्हेरिकोसील, सपाट तळपाय, गुडघे एकमेकांना लागणं, कोपराचा कोन, रंगांधळेपणा. यातल्या बऱ्याच गोष्टी महिन्याभराच्या उपचाराने सुटतात. न सुटणाऱ्या गोष्टी आधी कळल्या तर निदान कोणत्या शाखेचं दार आपल्याला उघडं आहे ते समजतं. चष्म्याचा नंबर घालवायची लेसर शस्त्रक्रिया मात्र घाईने करू नका. वय, शस्त्रक्रियेनंतरचा कालावधी आणि शाखा यांनुसार तिच्या अटी बदलतात. जाहिरातीचं वैद्यकीय परिशिष्ट आधी वाचा, मग डॉक्टरकडे जा. गोंदवण्याबद्दलही त्याच परिशिष्टात लिहिलेलं असतं: हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला, एवढ्याच जागेला परवानगी आहे.

प्रश्न : आधीचे दोन प्रयत्न पीआयक्यूत लिहिलेच नाहीत तर? ‘फ्रेशर’ म्हणून बरं वाटतं. (सक्करदरा)

असं अजिबात करू नका. नोंदी मंडळांकडे असतात, आणि सापडलात तर प्रश्न निवडीचा राहत नाही, सचोटीचा होतो. कितीतरी अधिकारी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात निवडले गेले आहेत. ते आकडे त्यांच्या पीआयक्यूत लिहिलेलेच होते.

प्रश्न : क्लासची फी परवडत नाही. नाशिकला सरकारी प्रशिक्षण मिळतं असं ऐकलं, ते खरं का? (नंदनवन)

खरं आहे. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. महाराष्ट्रातल्या युवक-युवतींसाठी तिथे दहा दिवसांचा एसएसबी कोर्स असतो. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं विनामूल्य. पण सरसकट प्रवेश मिळत नाही. सीडीएस किंवा एनडीएची लेखी पास झालेली असावी, किंवा एनसीसी ‘सी’ सर्टिफिकेट ए वा बी ग्रेडमध्ये असून ग्रुप मुख्यालयाची शिफारस असावी, किंवा टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्ससाठी एसएसबीचं बोलावणं हातात असावं. कोर्स जाहीर झाला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कळतं. आधी मुलाखत होते आणि तिला विभागाच्या संकेतस्थळावरची परिशिष्टं छापून, भरून, मूळ कागदपत्रांसह न्यावी लागतात. ही परिशिष्टं विसरून गेलेल्यांचा एक फेरा फुकट जातो. नागपूरहून नाशिक रोडला विदर्भ एक्स्प्रेसने थेट जाता येतं.

दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा जाणाऱ्यांना आमच्या मते या दहा दिवसांचा उपयोग मैदानी टास्कसाठी सर्वाधिक आहे. फळी, बल्ली आणि दोर हातात घेऊन, लाल रंगाला स्पर्श न करता, चार फुटांपेक्षा मोठं अंतर उडी न मारता पूल बांधून ओलांडायचं, हे कागदावर शिकता येत नाही.

प्रश्न : वैयक्तिक अडथळ्यांत मला तीन मिनिटांत पाचच झाले. नागपूरच्या उन्हाळ्यात सराव कसा करावा? (झिंगाबाई टाकळी)

दहा अडथळे, एक ते दहा गुणांचे, एकूण पंचावन्न, वेळ तीन मिनिटं. क्रम तुमचा तुम्ही ठरवायचा. पाचवर अडकण्याचं कारण बहुतेक वेळा ताकद नसते, रस्ता असतो. अडथळे दाखवले जातात तेव्हाच कोणता कुठे आहे ते बघा आणि मोठ्या गुणांच्या दोन-तीन अडथळ्यांभोवती फिरण्याचा क्रम मनात आखा, म्हणजे मैदान आडवं-तिडवं पळावं लागणार नाही. टार्झन स्विंग किंवा दोराच्या अडथळ्याला रांग लागली असेल तर थांबू नका, शेजारचा उरकून परत या.

सरावासाठी चार गोष्टी पुरतात: पकड, तोल, उडी आणि उंचीची भीती. बारला लटकून राहणं (पहिल्या आठवड्यात वीस सेकंद, महिन्याअखेर मिनिटभर), अरुंद कठड्यावर चालणं, वाळूत किंवा मऊ मातीत लांब उडी आणि दोन्ही पायांवर गुडघे वाकवून उतरणं. गुडघे ताठ ठेवून उतरल्याने घोटा मुरगळतो आणि उरलेले दिवस लंगडत जातात. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेपाच ते सात एवढीच वेळ धरा. अंबाझरी, सेमिनरी हिल्स किंवा जवळचं मैदान, काहीही चालेल. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना संध्याकाळी सहालाही जमीन तापलेली असते. धावण्यासाठी घेतलेले नवे बूट निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी वापरायला काढा. भोपाळला कोऱ्या बुटांनी आलेले फोड दुसऱ्या दिवशी स्नेक रेसमध्ये (गटाने सापासारखा दोर घेऊन पळायच्या शर्यतीत) फुटतात. तळहाताला दोराने साल निघते, म्हणून सोबत चिकटपट्टी आणि एक मलम ठेवा, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात दोराचा सराव थांबवा, म्हणजे हात भरून येतील.